सेकंदाचा साठावा भाग

गेम खेळणारा माणूस मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. घरातली पुढची पिढी खेळते आणि मी मागे खुर्ची टाकून बघत बसतो. पण पोटापाण्यासाठी जे काम करतो ते गेमवाल्यांच्या कामाचं चुलत भावंड आहे. गाडी भिंतीवर आदळली तर पत्रा कुठे नि कसा चुरगळेल, याचं गणित आम्ही कॉम्प्युटरवर करतो. खरी धडक संपते सेकंदाच्या दहाव्या भागात. तिचं गणित मात्र रात्रभर चालतं. संध्याकाळी लावून घरी जायचं, सकाळी चहाचा कप हातात घेऊन निकाल बघायचा.

गेम लिहिणाऱ्यालाही पडणं, आदळणं, घरंगळणं हेच सगळं दाखवायचं असतं. फक्त त्याला रात्र मिळत नाही. पडद्यावरचं चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं, म्हणजे एका चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद. त्यातच चित्र रंगवायचं, आवाज काढायचा, शत्रूला अक्कल द्यायची आणि उरल्यासुरल्या वेळात न्यूटन. हे जमतं कसं, आणि एकच खेळ दोन वेगळ्या यंत्रांवर वेगळा का वागतो, याच्या नादी गेली काही वर्षं लागलो आहे. त्यातून जे हाती लागलं ते आज इथे मांडतो. (नागपूरची मावशी हे वाचते आणि मारिओ कोण हे तिला माहीत नाही. मावशी, तुझ्यासाठी: मारिओ म्हणजे उड्या मारणारा मिशीवाला प्लंबर. बाकीचं ओघात येईलच.)

*

सुरुवात एका गमतीशीर गोष्टीपासून. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इनव्हेडर्स' बनवला. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी, अकराच्या पाच रांगा. खाली आपली तोफ. आत इंटेलचा ८०८० प्रोसेसर, आणि तो इतका गरीब की एका फ्रेममध्ये एकच परग्रहवासी हलवायचा. म्हणजे पंचावन्न जण एकेक पाऊल सरकायला पंचावन्न फ्रेम लागायच्या. आपण जसजसे त्यांना टिपत जाऊ तसतशी यादी लहान होते, प्रत्येकाची पाळी लवकर येते, आणि उरलेले भराभर चाल करून येतात. शेवटचा एकटा तर सुसाट सुटतो.

हा वेग कोणी मुद्दाम घातला नव्हता. तो यंत्राच्या गरिबीतून आपोआप आला. निशिकादोंना तो आवडला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. खेळ पुढे सरकेल तसा कठीण होत जावा ही कल्पना पुढे सगळ्यांनी उचलली. त्या छोट्या जगात 'शत्रू किती वेगानं येतो' हा निसर्गनियमच होता म्हणा ना, आणि तो ठरवला होता प्रोसेसरनं.

पुढची बरीच वर्षं हे असंच चाललं. खेळातला वेळ म्हणजे यंत्राचा वेळ. १९८१ च्या आयबीएम पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. त्या वेगाला धरून लिहिलेले खेळ पुढच्या वेगवान मशीनवर चालवले की डोळ्याचं पातं लवायच्या आत संपायचे. नव्वदीच्या सुरुवातीला मी जिथे कॉम्प्युटर शिकलो तिथल्या मशीनवर 'टर्बो' असं लिहिलेलं बटण होतं. नाव टर्बो, पण त्याचा उपयोग मशीन हळू करायला. सर बाहेर गेले की ते बटण दाबून खेळायचं आणि जिन्यात चपलांचा आवाज आला की परत दाबून शहाण्यासारखं बसायचं, हा आमचा शिरस्ता.

टीव्हीचंही तेच. अमेरिका-जपानचे टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र काढायचे. युरोपचे आणि आपले (पाल पद्धतीचे) पन्नास वेळा. ज्या खेळात 'दर चित्राला इतकं पुढे सरक' असं लिहिलेलं, तो खेळ पालवर सरळ सहावा हिस्सा मंद. सेगाचा 'सॉनिक' हा १९९१ सालचा खेळ वेगासाठी प्रसिद्ध, पण युरोपातल्या पोरांनी तो संगीतासकट सतरा टक्के हळू खेळला. उडीची उंची तीच, पण हवेत राहण्याचा वेळ जास्त. त्यांच्यासाठी गुरुत्वाकर्षणच कमी होतं, आणि तुलना करायला दुसरा टीव्ही नसल्यानं कोणाला पत्ताही नव्हता.

*

यानंतर आले त्रिमितीचे दिवस, आणि त्याबरोबर अपूर्णांकांची भानगड.

१९९४ च्या डिसेंबरात जपानमध्ये पहिलं प्लेस्टेशन आलं. ३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, दोन एमबी मेमरी. पण त्यात दशांश अपूर्णांकांचं गणित करणारा वेगळा भाग नव्हता. सगळं पूर्णांकांत बसवायचं, जसे आपण रुपयांऐवजी सगळा हिशोब पैशांत करावा तसं. कोपऱ्यांचे बिंदू जवळच्या अख्ख्या ठिपक्यावर जाऊन बसत. त्या काळच्या प्लेस्टेशनच्या खेळांत भिंती थरथरताना दिसतात त्याचं एक मोठं कारण हे. १९९६ च्या निन्टेन्डो ६४ मध्ये मात्र अपूर्णांकांचं गणित प्रोसेसरमध्येच होतं. त्यामुळे 'सुपर मारिओ ६४' मध्ये मारिओची जागा अपूर्णांकात नोंदवलेली असते.

पण, आणि इथे गंमत आहे, त्याच्या पायाखाली जमीन आहे का हे तपासताना तीच जागा सोळा बिटांच्या पूर्णांकात बदलली जाते. सोळा बिटांत ६५,५३६ पर्यंतच मोजता येतं, मग मीटर पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे मारिओला कसंही करून ६५,५३६ एकक लांब नेलं तर तिथे डोळ्यांना काही दिसत नाही, पण पायांना जमीन लागते! हौशी मंडळींनी या अदृश्य जमिनींना 'समांतर विश्वं' असं भारदस्त नाव दिलं आहे.

याच खेळाची दुसरी गोष्ट मला त्याहून आवडते. २००६ मध्ये निन्टेन्डोनं हा जुना खेळ आपल्या 'वी' या कन्सोलवर पुन्हा उपलब्ध करून दिला. खेळ तोच, पण आतलं यंत्र वेगळं. एका अंकात लाव्हावर वरखाली डोलणारे ओटे आहेत. मूळ यंत्रात ते वर्षभर डोलले तरी जागच्या जागी. 'वी'वर मात्र अपूर्णांक लहान करताना शेवटचा अंक जवळच्या आकड्याकडे न नेता शून्याच्या दिशेनं छाटला जातो. दोन किराणा दुकानदार आहेत असं समजा. एक पैसे जवळच्या रुपयात धरतो, दुसरा वरचे पैसे सरळ सोडून देतो. एका दिवसात काही कळणार नाही, वर्षाच्या खात्यात कळेल. इथेही तेच. हे ओटे शून्य उंचीच्या खाली आहेत, तेव्हा 'शून्याच्या दिशेनं' म्हणजे वर. प्रत्येक डोलण्यात एक केसभर वर. कन्सोल सुमारे तीन दिवस चालू ठेवलं की ओटा इतका वर येतो की मारिओ उडी न मारता पुढे जाऊ शकतो. आणि हे शोधून काढणारे, तीन-तीन दिवस कन्सोल चालू ठेवणारे लोक जगात आहेत. मला त्यांच्याविषयी प्रेमच वाटतं.

*

आतापर्यंत 'फिजिक्स' म्हणजे उडीचं एखादं सूत्र. प्रत्येक वस्तूला वजन, घर्षण, घसरणं असं सगळं द्यायचं, आणि जे व्हायचं ते नियमांनी होऊ द्यायचं, हे स्वप्न ज्यांनी आधी पाहिलं त्यांत सीमस ब्लॅकली हे एक.

ब्लॅकली मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. अमेरिकेत फर्मीलॅबमध्ये काम करत होते. टेक्सासमध्ये ८७ किलोमीटर परिघाचा एक अवाढव्य कण-प्रवेगक बांधायचं चाललं होतं. १९९३ च्या ऑक्टोबरात अमेरिकन काँग्रेसनं तो प्रकल्प रद्द केला. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झालेले, बोगदा अर्धवट खणलेला. त्या एका निर्णयानं कित्येक तरुण भौतिकशास्त्रज्ञांचं भविष्यच पुसलं गेलं. ब्लॅकली गेमच्या धंद्यात शिरले. १९९५ च्या 'फ्लाइट अनलिमिटेड' मध्ये त्यांनी विमानाभोवतीच्या हवेचं गणित घातलं आणि ते गाजलं.

मग त्यांच्याकडे आला 'ट्रेसपासर'. ज्युरासिक पार्कच्या बेटावर अडकलेली एक बाई. पडद्यावर आकडे नाहीत, काटे नाहीत, ठरवून बसवलेल्या हालचाली नाहीत. डायनासोर चालतो तो गणितानं, फळी पडते ती गणितानं, आणि नायिकेचा हात हलतो तोही गणितानं. १९९८ च्या ऑक्टोबरात खेळ बाजारात आला आणि सपशेल आपटला. हात रबरासारखा वेडावाकडा वळायचा. डायनासोर दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खायचे. पेट्या एकमेकींत घुसायच्या. आणि घरोघरच्या कॉम्प्युटरवर तो अडखळत चालायचा. समीक्षकांनी सालटी काढली.

इथे जरा थांबून हे अवघड का आहे ते सांगायला हवं.

कॅरम घ्या. स्ट्रायकर सोंगटीवर आपटला, दोघांचे वेग बदलले, संपलं. एक टक्कर सोडवणं शाळेतलं गणित आहे. आता लगोरी घ्या. सात दगड एकावर एक. चेंडू लागून ती कोसळताना दाखवणं सोपं, कारण कोसळण्यात थोडी चूक झाली तर कोण बघतो? ती नुसती उभी ठेवणं कठीण. प्रत्येक दगड खालच्यावर टेकलेला, खालचा त्याच्या खालच्यावर. एकाला किंचित वर ढकललं की वरचे सगळे बदलतात. यंत्र वेळेचे तुकडे करून चालतं. एका तुकड्यात दगड गुरुत्वाकर्षणानं खालच्यात किंचित रुततो, पुढच्या तुकड्यात त्याला बाहेर काढावं लागतं. जास्त जोरानं काढला की तो उडतो, कमी जोरानं काढला की बुडतो. म्हणून उत्तर एकदम न काढता पुन्हा पुन्हा फेऱ्या मारून जवळ आणायचं. फेऱ्या किती? तर यंत्राला जितका वेळ असेल तितक्या. वेळ कमी असला की लगोरी थरथरते.

दुसरी अडचण गोळीची. सेकंदाला तीनशे मीटर जाणारी गोळी एका फ्रेममध्ये पाच मीटर जाते. एका चित्रात ती भिंतीच्या अलीकडे, पुढच्यात पलीकडे. मधली नऊ इंची भिंत तिला भेटलीच नाही! यावर उपाय आहेत, पण प्रत्येक उपायाला पुन्हा वेळ लागतो.

आमच्या ऑफिसात असा प्रश्न आला की आम्ही वेळेचे तुकडे बारीक करतो आणि घरी जातो. ट्रेसपासरवाल्यांना घरी जायची सोय नव्हती.

ब्लॅकलींनी मात्र हाय खाल्ली नाही. पुढच्याच वर्षी ते मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथल्या आणखी तिघांबरोबर, बॅकस, हेझ आणि बर्क्स यांच्याबरोबर, एक नवं कन्सोल काढायचा प्रस्ताव मांडला. २००१ च्या नोव्हेंबरात आलेलं एक्सबॉक्स ते हेच. भौतिकशास्त्र हवं तसं चालेना म्हणून माणूस यंत्रच बनवायला निघाला, असं म्हणायचा मोह होतो. इतकं सरळ नसेलही, पण क्रम असा आहे खरा.

*

दरम्यान दोन गोष्टी घडल्या. डेन्मार्कच्या थॉमस याकोब्सन यांनी 'हिटमॅन' (२०००) या खेळासाठी एक युक्ती वापरली. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये रेणूंच्या हालचालीसाठी वापरलेली पद्धत त्यांनी उचलली. वस्तूचा वेग साठवायचाच नाही. आत्ताची जागा आणि मघाची जागा एवढंच ठेवायचं. माणसाचं शरीर म्हणजे काड्यांनी जोडलेले ठिपके. काडीची लांबी बिघडली की दोन्ही टोकं थोडी सरकवून ती नीट करायची, आणि अशा काही फेऱ्या मारायच्या. मेलेला माणूस जिन्यावरून चिंध्यांच्या बाहुलीसारखा लुळा घरंगळत खाली येतो ते यातून. उत्तर काटेकोर नाही, पण मोडत नाही. २००१ मध्ये त्यांनी ही पद्धत एका परिषदेत सगळ्यांसमोर मांडली आणि ती जगभर पसरली.

दुसरं, १९९८ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून ह्यू रेनल्ड्स आणि स्टीव्हन कॉलिन्स यांनी 'हॅवॉक' ही कंपनी काढली. धंदा असा की फिजिक्स आम्ही लिहू, खेळ तुम्ही करा. म्हणजे प्रत्येकानं घरी मसाला कुटायची गरज नाही, तयार पुडी घ्या. २००४ मध्ये वाल्व्ह कंपनीच्या 'हाफ-लाइफ २' नं हॅवॉकचं इंजिन आपल्या पद्धतीनं बदलून वापरलं. त्यात फळीच्या एका टोकावर विटा ठेवून दुसरं टोक वर उचलायचं कोडं आहे. सी-सॉ. ट्रेसपासर आपटल्याला सहा वर्षं झाली होती. आता लोकांनी तेच स्वप्न डोक्यावर घेतलं.

*

आता कन्सोलवाल्यांकडे परत येऊ. पुडी तयार मिळाली तरी चूल प्रत्येकाची वेगळी.

२००० सालचं प्लेस्टेशन २. त्यातलं अपूर्णांकांचं गणित जगानं मान्य केलेल्या प्रमाणाप्रमाणे नव्हतं. 'अनंत' ही संख्याच तिथे नाही. शेवटचा अंक जवळच्या आकड्याकडे न नेता छाटायचा. वेगासाठी केलेली ही काटकसर. परिणाम असा की आजच्या कॉम्प्युटरवर ते जुने खेळ चालवायचे तर आजच्या प्रोसेसरला मुद्दाम तसं चुकीचं वागायला लावावं लागतं. प्लेस्टेशन २ ची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आकडे कसे छाटायचे याच्या खास सोयी कित्येक वर्षं ठेवाव्या लागल्या आहेत. बरोबर गणित केलं तर खेळ चुकतो!

२००६ सालचं प्लेस्टेशन ३ तर आणखी वेगळं. सोनी, आयबीएम आणि तोशिबा यांनी मिळून केलेला 'सेल' प्रोसेसर. एक मुख्य कारभारी आणि त्याच्या हाताखाली आठ कामगार, त्यातले सहा खेळांसाठी मोकळे. प्रत्येक कामगार अंकगणितात वाघ, पण त्याच्या हाताशी फक्त २५६ किलोबाइटची फळी. जे लागेल ते आधी मुख्य कोठारातून त्या फळीवर आणून द्यायचं, झालं की परत न्यायचं. हा ने-आणीचा सगळा व्यवहार प्रोग्रॅमरनं हातानं लिहायचा. वर्षभर आधी, २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तीन सारखे प्रोसेसर आणि ५१२ एमबी सामायिक मेमरी. प्लेस्टेशन ३ मध्येही एकूण तेवढीच, पण मधे भिंत घालून २५६-२५६ अशी वाटलेली. भाऊबंदकीच.

लगोरीचे सात दगड तीन शेजाऱ्यांत वाटणं सोपं. सहा बंद खोल्यांत वाटणं कठीण, कारण वरचा दगड एका खोलीत आणि खालचा दुसऱ्या. ज्यांनी मन लावून जमवलं त्यांचं काम या यंत्रावर सुंदर झालं. 'बुलेट' हे मोफत फिजिक्स इंजिन लिहिणारे एर्विन कूमान्स त्या काळात सोनीतच होते आणि त्यांनी ते सेलच्या कामगारांसाठी खास बसवलं. पण दोन्ही कन्सोलवर खेळ काढणाऱ्या बहुतेकांसाठी हे दुखणंच होतं. वाल्व्हच्या गेब न्यूएल यांनी २००७ मध्ये, हे यंत्र म्हणजे सगळ्यांच्या वेळेचा अपव्यय आहे, अशा अर्थाचं जाहीर बोलून टाकलं. (२०१० मध्ये ते सोनीच्याच मंचावर येऊन 'पोर्टल २' ची घोषणा करून गेले. चालायचंच.)

गंमत बघा, याच सेलच्या सुधारित भावंडावर आयबीएमचा 'रोडरनर' हा महासंगणक उभा राहिला आणि २००८ मध्ये त्यानं सेकंदाला एक हजार लाख कोटी आकडेमोडींचा टप्पा जगात पहिल्यांदा ओलांडला. खऱ्या भौतिकशास्त्रज्ञांना तो चालला, कारण त्यांना रात्र मिळते.

*

या सगळ्यातून जे खरं नुकसान झालं ते थरथरत्या भिंतींचं नाही. ते सांगण्यासाठीच इतकं पाल्हाळ लावलं.

२००६ मध्ये 'अ‍ॅजिया' नावाच्या कंपनीनं फक्त फिजिक्सचं गणित करणारं कार्ड बाजारात आणलं. कॉम्प्युटरमध्ये खोचायचं, की हजारो तुकडे उडताना दिसणार. किंमत तीनशे डॉलरच्या घरात. आता खेळ बनवणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवा. शंभरातल्या थोडक्यांकडे हे कार्ड असणार. मग त्या कार्डावाचून अडेल असं कोडं तुम्ही खेळात घालाल का? नाही घालणार. तुम्ही घालाल धूर, कागदाचे कपटे, फुटक्या काचा. असले तर छान, नसले तरी खेळ तोच.

तसंच झालं. २००८ मध्ये एनव्हिडियानं अ‍ॅजिया विकत घेतली आणि ते गणित आपल्या चित्राच्या कार्डांवर आणलं. २००९ च्या 'बॅटमॅन: अर्कम असायलम' मध्ये ते कार्ड असेल तर जमिनीवरचे कागद बॅटमॅनच्या पायाशी उडतात. कन्सोलवर तीच खोली झाडून स्वच्छ केलेली! कागद आहेत की नाहीत यानं बॅटमॅनला काडीचाही फरक पडत नाही. ब्लॅकलींच्या स्वप्नात भौतिकशास्त्र हा खेळाचा कणा होता. यंत्रायंत्रातल्या फरकानं त्याला तोरण करून दाराला टांगलं.

आणि तोरणाचं जे होतं तेच झालं. २०२५ मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या नव्या कार्डांनी जुन्या ३२ बिटी खेळांसाठीचा तो आधारच काढून टाकला. पंधरा वर्षांपूर्वीचे ते धूर-कपटे सगळ्यांत महागड्या नव्या कार्डावर अडखळू लागले. लोकांनी ओरड केल्यावर निवडक खेळांपुरता तो परत दिला गेला.

मुद्दा जपणुकीचा आहे. सिनेमाची रिळं नीट ठेवली तर सिनेमा राहतो. पुस्तक पुन्हा छापलं तरी तेच राहतं. खेळाचं तसं नाही, तो यंत्रासकट जपावा लागतो. याचा सगळ्यांत बोलका दाखला हाफ-लाइफ २ चाच आहे. २०१३ च्या सुमारास वाल्व्हमध्ये टॉम फोर्सिथ आणि त्यांचे सहकारी हा खेळ डोळ्यांवर लावायच्या आभासी पडद्यासाठी तयार करत होते. तर सुरुवातीलाच एक दार उघडेना. खेळ तिथेच ठप्प. शोधाशोध केली तेव्हा दिसलं की आतल्या पहारेकऱ्याच्या बुटाचं टोक दाराच्या वाटेत किंचित येतं. दार त्यावर आपटून मागे जातं आणि बंद होतं. बरं, जुना मूळ प्रोग्रॅम काढून नव्यानं बांधला, तर त्यातही तेच! नऊ वर्षं लाखो लोक त्या दारातून गेले होते.

कारण असं निघालं. २००४ मध्ये ते गणित इंटेलच्या जुन्या पद्धतीनं, ८० बिटांत व्हायचं. नव्यानं बांधताना ते नव्या पद्धतीनं, कमी बिटांत होऊ लागलं. जुन्या गणितात दाराचा धक्का लागून पहारेकरी केसभर वळायचा, बूट बाजूला व्हायचा, दार उघडायचं. नव्या गणितात तो वळायचा, पण किंचित कमी. दोन्ही उत्तरं 'बरोबर' होती. पहारेकऱ्याला थोडा मागे सरकवून प्रश्न मिटला.

*

२०१३ पासून गाडी बरीच रुळावर आली. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन ही दोन्ही एएमडीच्या एकाच जातीच्या आठ गाभ्यांच्या प्रोसेसरवर, म्हणजे आपल्या साध्या पीसीच्या सोयऱ्यावर, उभी राहिली. सेलच्या सहा खोल्यांत सामान वाटायची कला ज्यांनी सात वर्षं घासून मिळवली होती, तिची किंमत एका रात्रीत उतरली. त्यांच्याविषयी कोणी फारसं लिहीत नाही. आमच्याकडेही ड्रॉइंग बोर्डवर अप्रतिम हात असलेली माणसं होती. ऑटोकॅड आलं, आणि त्यांच्या हाताचं काय करायचं हे कोणालाच सुचलं नाही.

पण फिजिक्स कण्याच्या जागी परत आलं ते सगळ्यांत ताकदवान यंत्रावर नाही, तर सगळ्यांत अशक्त यंत्रावर, ही गोष्ट मला फार आवडते. निन्टेन्डोचं 'स्विच' २०१७ सालचं, चार जीबी मेमरी, आत एनव्हिडियाची त्याहीपेक्षा जुनी चिप. त्यावर २०२३ च्या मे महिन्यात 'झेल्डा: टियर्स ऑफ द किंगडम' आला. ओंडके, चाकं, पंखे, काहीही कशालाही चिकटवा. होडी करा, गाडी करा, पूल करा. २०२२ मध्ये येणार म्हणून सांगितलेला खेळ कंपनीनं २०२३ वर ढकलला होता. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत त्यांच्या मंडळींनी सांगितलं की आम्ही ठरवलं, दारं-फाटकांसकट जगातली प्रत्येक वस्तू नियमानंच चालेल, अपवाद एकही नाही. ठरवून हलवलेली एखादी वस्तू नियमाच्या वस्तूंत मिसळली की जग मोडायचं. म्हणून ठरवून हलवणंच बंद केलं.

त्यांना हे परवडलं याचं माझ्या मते एक साधं कारण आहे. त्यांना एकाच यंत्रासाठी लिहायचं होतं. समोरच्या प्रत्येकाकडे तेच यंत्र, तितकीच मेमरी. म्हणून पूल बांधणं हेच कोडं ठेवता आलं. एखाद्याच्या घरी पूल कोसळेल ही भीती नव्हती.

मी हे घरच्या पोराला समजावायला गेलो तर त्यानं मान वर न करता एक फळी उचलली, तिला दोन चाकं लावली, आणि ती गाडी उतारावरून सोडली. खाली जाऊन ती दगडाला अडकली, तिरकी झाली, हळूच कलंडली आणि स्थिर राहिली. थरथर नाही. मी बराच वेळ ती पडलेली गाडीच बघत होतो. त्याला वाटलं बाबाला झोप लागली.

असो. फारच लांबलं. तुमच्यापैकी कोणी या धंद्यात असेल, किंवा घरी जुनं कन्सोल अजून चालू स्थितीत जपून ठेवलं असेल, तर जरूर लिहा. आणि ते विकू नका, एवढीच विनंती. पुढच्या वेळी भोवऱ्याबद्दल लिहायचा विचार आहे. फिरणारी वस्तू न पडता उभी का राहते, हे गणित करणाऱ्या यंत्रांना अजूनही घाम फोडतं.